चांदीच्या भावात जमुनाबाईचं घराणं

मी जमुनाबाईच्या सासूला चिंच लावून घासलं. सासऱ्याला घासलं, आजेसासऱ्याला घासलं, आजेसासूला घासलं. ज्यांची नावं खुद्द जमुनाबाईलाही ठाऊक नव्हती अशा दोघांना तर जरा जास्तच घासलं, कारण त्यांच्यावर कीट फार होतं. शेवटी तिच्या नवऱ्याला. मग सगळ्यांना राख लावून, पाण्यातून काढून परसात उन्हाला ठेवलं, आणि त्यांचे कपडे अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातले.

ही सगळी माणसं त्या वेळी रुपये होती, एवढं सांगितलं पाहिजे.

अड्याळच्या ढिवर, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या, मोहल्ल्यात जमुनाबाईच्या घरची रीत अशी होती. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की तेरवीच्या दिवशी चांदीचा एक रुपया घ्यायचा, त्याला तेल-हळद लावायची आणि गेलेल्याच्या अंगावरच्या कपड्याचा तुकडा फाडून त्यात तो गुंडाळायचा. मग ते माणूस देवघरात बसलं. एकदा गुंडाळलं की उघडायचं नाही. वर्षाची हळद कपड्यावरूनच लावायची. पितरांच्या दिवसांत प्रत्येकापुढे एक पत्रावळ मांडायची, तिच्यावर भात, मरळीचा रस्सा आणि बाजूला द्रोणात थोडी मोहाची. कोण कुठे बसला आहे ते कपड्यावरून कळायचं. सासरा डोमा धोतराच्या तुकड्यात, सासू धुरपता हिरव्या लुगड्यात, नवरा तुलाराम चौकड्यांच्या दुपट्ट्यात. असे सात जण होते, एका टोपलीत, एकाला एक लागून.

आणि मी त्यांना नागडं करून धुतलं.

आता मी हे का केलं, तर मी शिकलेला होतो म्हणून. माझे वडील शाळेत मास्तर, घर ढिवर मोहल्ल्याला लागून, आणि मी भंडाऱ्याच्या कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला दुसऱ्यांदा बसलेला. एवढ्या शिक्षणावर आमच्याकडे माणसाला मनीऑर्डर लिहिण्यापासून म्हशीच्या रोगापर्यंत सगळं विचारतात, आणि मीही सगळ्याचं उत्तर देत असे. तेव्हा जुन्या नाण्यांची किंमत काय, हे विचारायलाही जमुनाबाई माझ्याकडेच आली.

पण आधी जमुनाबाई कोण ते सांगतो, म्हणजे मी काय ओढवून घेतलं ते कळेल.

जमुनाबाईचा राग हा आमच्या बाजारातला एक नेहमीचा माल होता. तो विकत घ्यावा लागत नसे, मासोळीवर फुकट मिळे. ती बाजाराच्या दिवशी पाटी घेऊन चिंचेखाली बसायची. एकदा एका साहेबाच्या बायकोनं मासोळीच्या कल्ल्यात बोट घालून, ताजी दिसत नाही असं म्हटलं. जमुनाबाईनं तिला सांगितलं, बोट धुऊन ये, माझी मासोळी बाटली. तलावाच्या ठेकेदाराचा एक माणूस दर आठवड्याला फुकटची मरळ मागायचा. एकदा तिनं हसून त्याच्या सायकलला अडकवलेल्या थैलीत जिवंत मरळ सोडली. त्याच थैलीत ठेक्याचे कागद होते. पुढं तो माणूस बाजारात यायचा, पण चिंचेला वळसा घालून.

तिला रागवायला कारण होतं की नाही, हे मी त्या काळात कधी विचारलं नाही. ती बारा-तेरा वर्षांची असताना या घरात आली. सासूनं, म्हणजे धुरपतानं, तिला जाळं विणायला शिकवलं आणि विणता विणता शिव्या द्यायलाही. ती दोन्ही हुन्नर एकत्रच आली. तुलाराम तापानं गेला तेव्हा मुलगी शकुन पाळण्यात होती आणि धाकटा दीर इश्वर शाळेत. जमुनाबाईनं मासोळी विकून दिराला सातवी पास करवलं. तो वरठीला रेल्वेत खलाशी लागला. त्याचं लग्न करून दिलं, तुमसरची मंदाबाई आणली. मंदाबाईला पहिल्याच दिवशी घरात मासोळीचा वास आला. तिच्या माहेरीही मासोळीच खात, पण तिथली बहुतेक बिनवासाची असावी. त्यानंतर इश्वर वरठीचा झाला. आईच्या तेरवीला आला तोही घड्याळ पाहत पाहत, गाडी चुकेल म्हणून. पितरांना कधी आला नाही. जमुनाबाई यावर कुणाजवळ एक शब्द बोलली नव्हती. ती दुसऱ्यांवर रागवायची.

नवरा गेल्यावर तिनं जोडवी काढली, पण पायातल्या चांदीच्या तोरड्या ठेवल्या. त्या तिच्या आईनं दिल्या होत्या. विधवेच्या पायात तोरड्या कशा, हे विचारायची हिंमत मोहल्ल्यात कुणाची झाली नाही.

ऐंशी सालच्या जानेवारीत चांदी वेड्यासारखी चढली. रोज नवा भाव. पानठेल्यावर लोक चांदीचं असं बोलायचे की जणू प्रत्येकाच्या घरी पोतंभर पडून आहे. त्यातच कुणीतरी उठवून दिलं की नागपूरला एका राणीछाप रुपयाचे लाख मिळाले. कोणत्या सालचा, ते प्रत्येक जण वेगळं सांगे.

आणि संक्रांतीला इश्वर अड्याळला आला. हातात तीळगुळाची पुडी. ती जमुनाबाईच्या हातावर ठेवून त्यानं गोड बोलायला सुरुवात केली. वयनी कशा आहात, शकुन सिहोऱ्याला सुखात आहे ना, आणि देवघरातले ते जुने रुपये आहेत ना अजून. मी तिथंच ओट्यावर होतो. इश्वरचं म्हणणं सरळ होतं. रुपये वडिलोपार्जित आहेत, त्याचाही अर्धा हिस्सा आहे. एक तर अर्धे रुपये द्या, नाहीतर अर्ध्याची किंमत द्या. पुढच्या बाजाराच्या दिवशी येतो, तोवर भाव काढून ठेवा.

जमुनाबाईनं तीळगूळ तसाच पुडीत ठेवला आणि पुडी शेळीपुढे टाकली. इश्वर फाटकातून बाहेर पडेपर्यंत ती थांबली होती, एवढी सभ्यता तिनं पाळली.

मग ती माझ्याकडे वळली. सातही जण एका घरात राहिले पाहिजेत, एवढंच तिचं म्हणणं होतं. आयुष्यभर एका टोपलीत बसलेल्यांना आता वरठीला आणि अड्याळला कोण वाटून घालणार. तेव्हा किंमत कळली की इश्वरचा अर्धा हिस्सा ती पैशानं चुकता करणार होती. त्यासाठी मी भंडाऱ्याला सराफाकडे जाऊन भाव विचारून यायचा.

"इकाचे नाहीत," तिनं मला बजावलं. "पुसाचे. समजलं? नुस्ते पुसून आनाचे."

समजलं, मी म्हटलं. टोपली घरी आणली. रात्री कंदिलाशी एक गुंडाळी जराशी उघडून पाहिली तर आत काळा, चिकट, हळदीचा थर बसलेला रुपया. मला वाटलं, हा असा सराफापुढे टाकला तर तो नाक मुरडेल आणि भाव पाडेल. माल चकचकीत असला की भाव येतो, हे मी कॉमर्समध्ये शिकलो होतो. आमच्या आईनं चिंच दिली. पुढचं सांगून झालंच आहे.

भंडाऱ्याच्या सराफानं रुपये दगडावर वाजवले, काठ पाहिले, बाजूला काढले. चार राणीछाप. एक टकल्या राजाचा. हे पाच चांगल्या चांदीचे. उरलेले दोन लढाईच्या काळातले, त्यात चांदी निम्मीच. चांगल्याचे प्रत्येकी पंचवीस देईन, म्हणाला, उरलेल्यांचे बारा. लाखाची गोष्ट काढली तेव्हा तो हसला, आणि त्याच्या गादीवर चहा पीत बसलेल्या एका गृहस्थांकडे बोट केलं. हे भय्याजी, म्हणाला, जुनी नाणी जमवतात, यांना विचारा.

भय्याजींनी एक राणीछाप बोटांच्या चिमटीत धरून खिडकीकडे नेला. बराच वेळ पाहिला. मग मला विचारलं, हा कुणी धुतला. मी थोड्या अभिमानानंच सांगितलं, मी. चिंचेनं. त्यांनी रुपया हळूच गादीवर ठेवला आणि डोळे मिटले. जुन्या नाण्यावर काळाचा रंग चढलेला असतो, म्हणाले, तोच तर आम्ही विकत घेतो. हे साल सहज मिळत नाही. न धुता आणला असतास तर या एकट्याचे मी तुला दोनशे दिले असते. आता सराफाकडे दे, वितळवायला चांगला आहे.

मी त्यांच्यावर खूप चिडलो. माणसानं इतक्या शांतपणे बोलू नये. काळाचा रंग विकत घेणाऱ्याला एक आठवडा आमच्या तलावाच्या चिखलात उभा केला असता तर त्याच्यावरही चढला असता. एस.टी.त बसून अड्याळपर्यंत मी मनात त्यांना उत्तरं देत होतो. उतरताना लक्षात आलं की आता उत्तर मलाच द्यायचं आहे.

जमुनाबाई जाळं दुरुस्त करत बसली होती. मी टोपली पुढे ठेवली. रुपये असे लखलखत होते की घरात उजेड पडला. तिनं टोपलीत पाहिलं, मग टोपलीखाली पाहिलं, मग माझ्या मागे.

"फडके कुठी हायेत?"

मी सांगितलं.

मला वाटलं ती ओरडेल. तिच्या ओरडण्याची मला सवय होती, ते अंगावरून जाऊ देता येत असे. ती ओरडली नाही. तिनं सातही रुपये जमिनीवर एका रांगेत मांडले आणि हात पुसले. नवऱ्याचं नाव ती घेत नसे, आमच्याकडे बाया घेत नाहीत.

"आता सांग मले. यातला शकुनचा बाप कोनता होय?"

काहीतरी करायचं म्हणून मी एका रुपयावर बोट ठेवलं.

"अदमासानं दाखवून राहिला का?"

"हो, काकी."

"मानूस अदमासानं दाखवते का कोनी?" ती म्हणाली, आणि मग जी सुटली ती सुटली. कॉलेजात काय धुणं शिकवतात का. मास्तरच्या घरात भिंतीवर तुझ्या आज्याचा फोटो टांगला आहे, तोही असाच चिंचेनं धुतोस का. त्याच्यावरही फार कीट आहे, उद्या पाठवून दे, मी राखेनं घासून देते. पुसून आण म्हटलं तर धुऊन आणले, जेवू घाल म्हटलं असतं तर खाऊन टाकले असतेस. मोहल्ला जमला. लोक हसत होते, पण तिच्याकडे पाहून नाही, माझ्याकडे पाहून. मधूनच ती थांबायची, रांगेकडे पाहायची, एखादा रुपया उचलून उलटा करायची आणि परत ठेवायची. तेवढ्या वेळात कुणी हसत नसे.

भय्याजींचे दोनशे रुपये मी त्या दिवशी सांगितले नाहीत. एका दिवसाला एक गोष्ट पुरे.

ते बाहेर आले बाजाराच्या दिवशी, इश्वरसमोर. त्यानं भाव विचारला, मी सगळा सांगितला, आणि भाव सांगता सांगता माझ्या तोंडून दोनशेही गेले. इश्वर ताडकन उठला. माझे शंभर रुपये चिंचेत घातले, म्हणाला, मास्तरचा पोरगा ना तू, गाढव आहेस. आणि माझ्या अंगावर आला.

"भाऊजी, बसा," जमुनाबाई म्हणाली. "त्याच्यावर चिडाचा हक माहा हाय. तुमचा नाई."

इश्वर बसला. आठवडाभर माझं जिणं हराम करणाऱ्या बाईनं मला वाचवलं, हे मला क्षणभर समजलंच नाही.

मग इश्वर रुपये निवडायला लागला. रेल्वेतला माणूस, लोखंड ओळखता येतं तशी चांदीही ओळखत असावा. निम्म्या चांदीचे दोन त्यानं बोटानं बाजूला सारले. तीन राणीछाप घेतले, तळहातावर ठेवले, त्यावर टकला राजा ठेवला. सातात चार तो घेणार आणि तीन वहिनीला, त्यातले दोन हलके, असा त्याचा निम्मा हिस्सा होता. हे पाहून माझ्या डोक्याची शीर उडायला लागली. जमुनाबाई मात्र शांत होती. तिच्या शांतपणावरून मला भय्याजींची आठवण झाली, आणि इश्वरची थोडी कीवही आली.

"न्या," ती म्हणाली. "पन कोन कोन चाललं तुमच्यासंगं, थे सांगून न्या."

इश्वर म्हणाला, वयनी, आता कोण आणि काय, चांदी ती चांदी.

"चांदी कायची? हातात पाहा ना. तुमची माय तेथी असन, नाई तं येथी असन. मले माहीत नाई, तुमाले माहीत नाई, या शिकलेल्यालेही माहीत नाई. सराफाच्या काट्यात टाकताना त्याले सांगजा, बापा, यातली एखादी माही माय होय, वितळवतानी जरा हळू."

इश्वरचा हात तसाच राहिला.

ती पुढं बोलत गेली, आवाज न चढवता. रुपया जिथं जाईल तिथं पत्रावळ जाते. आता कोणता कोण ते कळत नाही, म्हणून एक रुपया नेणाऱ्यालाही सातांना जेवू घालावं लागणार. रेल्वेच्या कॉटरात मांडा सातही पत्रावळी, मरळ शिजवा, द्रोणात मोहाची ठेवा. मंदाबाईला वास आला तर तिला सांगा, हा तुझ्या सासऱ्याचा वास आहे. इतकी वर्षं या घरात जेवणं झाली तेव्हा तुमची गाडी कधी या बाजूला आली नाही. चांदीचा भाव वर गेला तेव्हा आली. मेलेल्या आईला भाव नव्हता, तिच्या रुपयाला आला.

इश्वरनं टकला राजा खाली ठेवला. मग एकेक राणी. शेवटची ठेवताना त्या राणीकडे पाहिलंही, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, झालं, आता हा उठेल, पाया पडेल आणि जाईल.

तो म्हणाला, "मंग माह्या वाट्याचं काय?"

मी आजवर पुष्कळ लोकांवर चिडलो आहे. कॉलेजच्या क्लार्कवर, एस.टी.च्या कंडक्टरवर, स्वतःवर तर नेहमीच. पण त्या एका प्रश्नावर मला जो संताप आला तसा पुन्हा आला नाही. मला त्या माणसाला उचलून तलावात नेऊन टाकावंसं वाटलं. मी लुकडा होतो म्हणून तो वाचला.

जमुनाबाईनं पाय लांब केला आणि उजव्या तोरडीची फिरकी पिळायला लागली. ती फिरकी लग्नापासून उघडली नव्हती. हलेना. तिनं माझ्याकडे पाटीतला दगड मागितला, फिरकीवर हलक्या हातानं ठोकत राहिली. इश्वर समोर बसून पाहत होता. एकदाही राहू द्या म्हणाला नाही. तोरडी निघाली तेव्हा घोट्यावर एक पांढरी, मऊ कातडीची कड राहिली, बाकी पायाशी न जुळणारी. ती भरीव तोरडी सातही रुपयांपेक्षा जड होती. तिनं ती फेकली नाही. त्याच्या मांडीवर ठेवली.

इश्वरनं तोरडी उचलली आणि हातावर तोलून पाहिली. तेवढं मी पाहिलं, आणि आजही विसरलो नाही. मग त्यानं ती थैलीत घातली, येतो वयनी म्हणाला आणि एस.टी. पकडायला गेला.

मी काहीतरी बोलणार होतो. अशा वेळी शिकलेल्या माणसानं काहीतरी बोलायचं असतं.

"तू काय पाहून राहिला?" जमुनाबाई मला म्हणाली. "कपडे आन सातांचे."

त्या संध्याकाळी तिनं सातांची नव्यानं ओळख पटवली. मला आधी वाटत होतं की ओळख पटूच शकत नाही, तिनंच तर तसं इश्वरला सांगितलं होतं. पण तिनं टकला राजा उचलला आणि म्हणाली, हा माझा सासरा, त्याच्याही डोक्यावर केस नव्हता. निम्म्या चांदीचे दोन ते बिननावाचे, कारण त्यांनी या घरासाठी काय केलं ते कुणाला माहीत नाही. चार राण्यांपैकी एकीचं नाक जरा घासलेलं होतं, पण मान वर होती. ती सासू. धुरपता अशीच बघायची म्हणे, आपण चूक केली की. आजेसासू आणि आजेसासरा तिनं चटकन वाटून टाकले. बाईच्या तोंडाचा आजेसासरा कसा, असं मी विचारलं नाही, मी शिकत होतो. शेवटचा रुपया तिनं दुपट्ट्याच्या तुकड्यात गुंडाळला. दुपट्टा पेटीत होता, त्याच चौकड्यांचा. तो शकुनचा बाप कशावरून, ते तिनं सांगितलं नाही.

बाकीच्यांसाठी मी वडिलांच्या जुन्या धोतरांचे तुकडे आणले. ते तिनं नाक मुरडून घेतले, मास्तरच्या धोतरात ढिवर बसवायचे म्हणून. पण सासूला ते चालणार नव्हतं. सासूला तिचंच लुगडं पाहिजे. हिरवं, काठ तांबडा, काठात पिवळ्या धाग्याची बारीक नक्षी, मोहाडीच्या कोष्ट्यानं विणलेलं. तसा एक हातभर तुकडा आणून द्यायचा, एवढा दंड तिनं मला ठरवला. मी म्हटलं, एवढंच ना, काकी, आठवड्यात आणतो.

मोहाडीला मी दोनदा गेलो. तिथल्या म्हाताऱ्या कोष्ट्यानं सांगितलं की तो काठ विणणारा मेला आणि आता ती लुगडी कुणी घेत नाही. पवनीलाही पाहिलं. भंडाऱ्यातून एक हिरवा तुकडा आणला, काठही तांबडा होता. जमुनाबाईनं तो बोटांत चुरगाळून पाहिला आणि परत केला. हा मंदाबाईच्या लुगड्याचा असेल, म्हणाली.

याला आता सहा वर्षं झाली. मी बी.कॉम. झालो, सोसायटीत कारकून लागलो, गावात लोक मला अजून सगळं विचारतात. जमुनाबाई चिंचेखाली बसते, एका पायात तोरडी, एक पाय मोकळा. दुसरी तोरडी तिनं मुद्दाम काढलेली नाही. कुणी विचारलं तर सांगते, दुसरी वरठीला गेली आहे, रेल्वेत.

मी बाजारात दिसलो की ती पाटीवरून मान वर करते आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीवरून मला विचारते, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"काहून रे मास्तरच्या पोरा, लुगडं आनलं का? माही सासू अजून उघडी बसली हाय थंडीची."

नवी गिऱ्हाइकं माझ्याकडे पाहतात. मी पावशेर झिंगे घेतो, पैसे देतो आणि पुढच्या बाजाराला नक्की, म्हणून सांगतो.